लिनक्सवरून पार्सलची लेबलं : दिवाळी अंकाच्या रवानगीच्या कामाच्या नोंदी

५ ऑगस्ट २०२४

काम असं: दिवाळी अंकाच्या सुमारे ६०० प्रती वर्गणीदारांना पाठवायच्या, बहुतेक स्पीड पोस्टाने, थोड्या कुरिअरने. पत्ते मराठीत. डेस्कटॉपवर डेबियन १२, पॅकिंगच्या टेबलाशी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक. आजवर ए४ स्टिकरचे कागद लेझरवर छापून कात्रीने कापले जात. त्यात कागदापेक्षा कापण्याचा वेळ महाग पडतो. शिवाय अर्धवट वापरलेला स्टिकर कागद दुसऱ्यांदा लेझरमध्ये घातला की सुटं स्टिकर आतल्या गरम रुळाला चिकटण्याचा धोका असतो.

थर्मल लेबल प्रिंटर घेताना खोक्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ लिहिलंय का हे पाहण्यात अर्थ नाही. तो कोणती भाषा समजतो ते विचारावं. झेब्राची झेडपीएल, एल्ट्रॉनची ईपीएल आणि टीएससीची टीएसपीएल यांची माहितीपत्रकं उघड उपलब्ध आहेत, त्यामुळे या तिन्हींपैकी कोणतीही चालेल. विक्रेता ‘ईएससी/पीओएस’ म्हणाला तर तो दुकानातल्या पावत्यांचा प्रिंटर. त्यात ८० मिलिमीटरचा रोल बसतो, चार इंची लेबल नाही.

घेतलेला प्रिंटर टीएसपीएलचा, यूएसबी जोडणीचा, २०३ डीपीआयचा (इंचाला २०३ ठिपके). २०३ म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. हा ८ पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया आहे. ३०० डीपीआयचा प्रिंटर महाग पडतो आणि पत्ता अधिक बारकोड एवढ्या कामाला त्याची गरज नाही. रिबनवाला थर्मल ट्रान्सफरही घेतला नाही. लेबलाचं आयुष्य फार तर दोन आठवड्यांचं, त्याला डायरेक्ट थर्मल (रिबनशिवाय, उष्णतेने कागदच काळा करणारा) पुरेसा.

खर्च: प्रिंटर ₹८,५००. १००×१५० मिलिमीटरच्या ४०० लेबलांचा रोल ₹३२०, म्हणजे लेबलामागे ८० पैसे. रोल मागवताना तीन गोष्टी लिहून द्याव्यात: लेबलाचं माप, दोन लेबलांमधली फट (आमची ३ मिलिमीटर) आणि आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचा व्यास. नळी तीन इंची आली तर लहान प्रिंटरच्या झाकणात रोल बसत नाही. ‘चार बाय सहा’ एवढंच सांगितलं तर १००×१५० मिलिमीटर येईल की १०१.६×१५२.४ हे दुकानदाराच्या मर्जीवर. हा दीड-दोन मिलिमीटरचा फरक पुढे भोवतो.

७ ऑगस्ट

(आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमनमध्येच टाइप करायच्या.)

प्रिंटर जोडल्यावर ‘एलएसयूएसबी’मध्ये दिसला. ‘डीमेसेज’मध्ये ‘यूएसबीएलपी’ची ओळ आली आणि /डेव्ह/यूएसबी/एलपी० ही फाइल तयार झाली. इतकं झालं की ड्रायव्हरशिवाय प्रिंटरशी थेट बोलता येतं, आणि सुरुवात इथूनच करावी. लिनक्सची छपाई सांभाळणारी कप्स ही यंत्रणा मध्ये आणली की चूक प्रिंटरची, केबलची की फिल्टरची (पान प्रिंटरच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामची) हे कळेनासं होतं.

थेट लिहायला गेल्यावर आधी ‘परवानगी नाही’. वापरकर्ता ‘एलपी’ गटात हवा. ‘यूजरमॉड -एजी एलपी’ने घातला. त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावं लागतं, नुसतं नवं टर्मिनल उघडून भागत नाही. ‘एलपीअ‍ॅडमिन’ आणि ‘एलपीइन्फो’ डेबियनमध्ये /यूएसआर/एसबिनमध्ये असतात. साध्या वापरकर्त्याच्या पाथमध्ये ती जागा नसल्याने ‘अशी आज्ञाच नाही’ असं उत्तर येतं. कप्स बसलेलंच नाही असं समजून ते पुन्हा बसवू नये.

पहिली चाचणी:

साइझ १०० एमएम,१५० एमएम
गॅप ३ एमएम,० एमएम
सीएलएस
टेक्स्ट ५०,५०,"३",०,१,१,"टेस्ट"
प्रिंट १,१

काहीच झालं नाही, दिवासुद्धा लुकलुकला नाही. टीएसपीएलमध्ये ओळीचा शेवट कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड असा जोडीने हवा. लिनक्सवरचे एडिटर नुसतं लाइन फीड ठेवतात. ‘प्रिंटएफ’ने ओळीओळीला दोन्ही चिन्हं दिल्यावर लेबल निघालं. शेवटच्या ‘प्रिंट’ ओळीनंतरही ती जोडी लागते. ती राहिली तर लेबल आत अडकून राहतं आणि पुढच्या लेबलाबरोबर बाहेर येतं.

रोल बदलला की फटीचा सेन्सर नव्याने जुळवायचा. फीडचं बटण दाबून ठेवून किंवा ‘गॅपडिटेक्ट’ आज्ञा पाठवून हे होतं. दोन-तीन कोरी लेबलं वाया जातात, ती जाऊ द्यावीत.

९ ऑगस्ट

उत्पादकाचा लिनक्स ड्रायव्हर बसवून पाहिला. तो म्हणजे एक पीपीडी फाइल (प्रिंटरची मापं आणि पर्याय सांगणारी) आणि एक तयार बायनरी फिल्टर. डेस्कटॉपवर छपाई झाली, पण एक लेबल छापलेलं आणि एक कोरं, असं आलटून पालटून.

कारण असं. पीपीडीतलं ‘४×६’ म्हणजे खरे चार बाय सहा इंच, उंची १५२.४ मिलिमीटर. आपलं लेबल १५० आणि फट ३, म्हणजे एका लेबलापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर १५३. चित्र १५२.४ पर्यंत गेल्यामुळे फट जवळजवळ पूर्ण छपाईतच निघून जाते. चित्र संपल्यावर प्रिंटर फट शोधू लागतो, तेव्हा ती मागे पडलेली असते. मग पुढची फट सापडेपर्यंत तो एक अख्खं लेबल सरकवतो. ४०० लेबलांच्या रोलमधून २०० पार्सलं, असा तोट्याचा हिशेब. पानाचं माप ‘कस्टम.१००x१५०एमएम’ दिल्यावर हे थांबलं, पण पीडीएफ पाहण्याच्या प्रोग्राममधून छापताना ‘पानात बसवा’ आपोआप लागू होत होतं. ‘प्रिंट-स्केलिंग=नन’ दिलं तरी ब्राउझर स्वतःचे समास घालतोच.

रास्पबेरी पायवर तर ‘फिल्टर फेल्ड’. ‘कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग’ करून /व्हार/लॉग/कप्स/एरर_लॉग पाहिला. फिल्टर इंटेल प्रोसेसरसाठी तयार केलेला, पायचा प्रोसेसर एआरएम. त्याचा सोर्स मिळत नाही, त्यामुळे विषय संपला. ज्यांना इंटेल मशिनवर हीच वाट धरायची आहे त्यांनी फिल्टरचा मालक रूट आहे आणि गटाला किंवा इतरांना लिहिण्याची परवानगी नाही, एवढं तपासावं. परवानग्या सैल असल्या तर कप्स फिल्टर चालवायला नकार देतं.

ड्रायव्हर काढून टाकला. ठरलं ते असं: पत्त्यापासून कागदापर्यंतच्या वाटेत चित्राचा आकार कोणालाही बदलू द्यायचा नाही. ८०० गुणिले १२०० ठिपक्यांचं चित्र आपणच बनवायचं आणि जसंच्या तसं प्रिंटरला द्यायचं.

१२ ऑगस्ट

टीएसपीएलची ‘बिटमॅप’ आज्ञा:

बिटमॅप ०,०,१००,१२००,०,

शेवटच्या स्वल्पविरामानंतर लगेच कच्चे बाइट सुरू. रुंदी ठिपक्यांत नसते, बाइटमध्ये असते: ८०० ठिपके भागिले ८ म्हणजे १००. उंची मात्र ठिपक्यांत. एकूण १,२०,००० बाइट.

चित्रासाठी पीबीएम हा प्रकार सोयीचा, कारण त्यात दर ठिपक्याला एक बिट असाच साठा असतो. पण पहिलं लेबल गच्च काळं निघालं, त्यावर पांढरी अक्षरं. पीबीएममध्ये १ म्हणजे काळा. टीएसपीएलच्या बिटमॅपमध्ये ० म्हणजे छापायचा ठिपका. पाठवण्याआधी चित्र उलटं करावं लागतं, चित्रं बदलणाऱ्या इमेजमॅजिक या प्रोग्रामच्या ‘-निगेट’ने ते होतं. झेडपीएलमध्ये असं करावं लागत नाही, तिथे १ म्हणजेच काळा. म्हणून झेब्रासाठी लिहिलेली स्क्रिप्ट भाषेची नावं बदलून इथे चालवू नये. पूर्ण काळी लेबलं लागोपाठ छापली की छपाईचं हेड तापतं, तेव्हा असं लेबल दिसताच झाकण उघडावं.

पीबीएमच्या सुरुवातीला छोटं शीर्षक असतं. ते काढण्यासाठी ‘टेल -सी १२००००’ म्हणजे फाइलचे शेवटचे १,२०,००० बाइट घ्यायचे. शीर्षकाची लांबी मोजत बसावं लागत नाही.

हे बाइट शेलच्या व्हेरिएबलमध्ये भरू नयेत. बॅश शून्य बाइट गाळून टाकतं, चित्राच्या ओळी सरकतात आणि तिरप्या पट्ट्यांचं लेबल मिळतं. सुरुवातीच्या आज्ञा, बाइट आणि शेवटची ‘प्रिंट’ ओळ हे तिन्ही एकाच फाइलमध्ये एकामागोमाग जोडायचे.

१७ ऑगस्ट

मराठी अक्षरं. प्रिंटरच्या आतल्या फॉन्टांत देवनागरी नाही, तेव्हा ‘टेक्स्ट’ आज्ञा पत्त्यांसाठी बाद. इमेजमॅजिकच्या ‘-अ‍ॅनोटेट’ने लिहून पाहिलं. आमच्या मशिनवर ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या मागे पडला आणि जोडाक्षरं सुटी झाली. अक्षरं जुळवण्याचं काम पँगो आणि हार्फबझ नीट करतात, म्हणून पँगोवर चालणारं वीझीप्रिंट घेतलं. डेबियनमध्ये ते पॅकेज म्हणून मिळतं. पत्त्याचं साधं एचटीएमएल, त्यात पानाचं माप १०० मिलिमीटर बाय १५० मिलिमीटर, समास शून्य. त्यातून पीडीएफ तयार होते.

पीडीएफवरून चित्र काढायला पॉपलरमधलं ‘पीडीएफटूपीपीएम’. इमेजमॅजिकला थेट पीडीएफ दिली तर डेबियनमध्ये सुरक्षा धोरणाचा अडथळा येतो. ते धोरण सैल करण्यापेक्षा पॉपलर वापरलेलं बरं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो इथे. ‘-आर २०३’ दिल्यावर पहिलं लेबल निघालंच नाही आणि दुसरं अर्धं कचरा घेऊन आलं. मिलिमीटरला नेमके ८ ठिपके म्हणजे २०३.२ डीपीआय. २०३ने काढलेलं चित्र ८०० बाय ११९९ होतं, म्हणजे एक ओळ कमी. शीर्षकाचे १२ बाइट धरून फाइल १,१९,९१२ बाइटची. ‘टेल’ला १,२०,००० हवे होते, मिळाली ती शीर्षकासकट पूर्ण फाइल. आणखी ८८ बाइट येतील म्हणून प्रिंटर वाट पाहत बसला. ‘प्रिंट १,१’ ही ओळ त्याने चित्र समजून गिळली, मग पुढच्या लेबलाच्या सुरुवातीच्या आज्ञाही. उलट २०३.२ दिलं की दशांशाच्या गोलाकारामुळे रुंदी कधी ८०१ भरू शकते, मग ओळीचे बाइट १००ऐवजी १०१.

उपाय: ‘-आर’ द्यायचाच नाही. ‘-स्केल-टू-एक्स ८०० -स्केल-टू-वाय १२००’ द्यायचं, आणि तयार पीबीएम बरोबर १,२०,०१२ बाइटची नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबायचं. प्रिंटर अडकलाच तर तो बंद करून चालू करणं एवढाच मार्ग. रांगेत नवं काम टाकल्याने तो सुटत नाही, आणखी गुंततो.

‘-मोनो’ पर्यायही वापरू नये. करड्या रंगाचं तो जाळीदार ठिपक्यांत रूपांतर करतो. ‘-ग्रे’ने काढून मग ‘-थ्रेशोल्ड ६०%’ लावल्यावर अक्षरांच्या कडा स्वच्छ आल्या.

फॉन्ट: बारीक वजनाच्या फॉन्टात २०३ डीपीआयवर वेलांट्या आणि रफार तुटतात. मुक्ता मीडियम, पत्ता १४ पॉइंट, नाव १७ पॉइंट. ओळीतलं अंतर १.४ ठेवलं. १.० वर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. एचटीएमएलमध्ये भाषा मराठी अशी नोंदवावी. ज्या फॉन्टात सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात, एरवी हिंदी वळणाचे.

२० ऑगस्ट

‘कुऱ्हाडे’चं ‘कुर्हाडे’ होत होतं. गोऱ्हे, वऱ्हाडे, गाव कोऱ्हाळे, सगळ्यांची तीच गत. फॉन्टाचा दोष नाही. यादीत हा र दोन तऱ्हांनी टाइप झालेला आहे. काही ठिकाणी ऱ हे स्वतंत्र अक्षर अधिक हलन्त, काही ठिकाणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. यादी स्वच्छ करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘न दिसणारी चिन्हं काढा’ अशी ओळ होती. तिने जोडक काढला आणि नुसता रफार उरला.

क्रम बदलला: आधी ‘र, हलन्त, जोडक’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’, त्यानंतरच अदृश्य चिन्हांची सफाई. नावं चुकली तरी पार्सल पोहोचतं, पण वर्गणीदार दुसऱ्या दिवशी फोन करतो.

यादीचा जुना भाग युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात होता. तो रूपांतर करून घेतला, तरी हाताने तपासावा लागला. अशा रूपांतरात पहिली वेलांटी आणि रफार यांच्या जागा चुकतात.

पिनकोड आणि फोन नंबर इंग्रजी आकड्यांत, पिन सगळ्यात मोठा. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद इथल्या वाचकांसाठी शहर आणि राज्य रोमन लिपीतही. महाराष्ट्राबाहेरच्या वाटपात मराठी पत्ता वाचणारा माणूस भेटेलच असं नाही.

२६ ऑगस्ट

बारकोड. स्पीड पोस्टाचा १३ खुणांचा क्रमांक: दोन अक्षरं, आठ अंक, एक तपासणी अंक, शेवटी भारताची दोन अक्षरं. क्रमांक पोस्टाने दिलेल्या मालिकेतलेच छापायचे, मनाने बनवायचे नाहीत. पण यादी टाइप होताना अंक इकडचे तिकडे होतात, म्हणून तपासणी अंक स्क्रिप्टने पडताळावा. आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरीज करायची, ११ने भागून उरलेली बाकी ११मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ०, ११ आलं तर ५. नमुना: ४७३१२४८२. गुणाकार ३२, ४२, १२, २, ६, २०, ७२, १४, बेरीज २००, बाकी २, म्हणून तपासणी अंक ९.

पहिल्या प्रयत्नात बारकोड एसव्हीजी म्हणून एचटीएमएलमध्येच घातला, रुंदी ६० मिलिमीटर. मोबाइलवर झटकन वाचला गेला, साध्या लेझर स्कॅनरवर दहातले दोन-तीन अडले. कोड १२८ या बारकोडच्या प्रकारात प्रत्येक खुणेला ११ एकक लागतात (एकक म्हणजे सगळ्यात अरुंद रेघेची रुंदी). सगळं बी संचात (एका खुणेत एकच अक्षर किंवा अंक) ठेवलं तर १३ खुणा, सुरुवात, तपासणी आणि १३ एककांचा शेवट मिळून १७८ एकक. ६० मिलिमीटर म्हणजे ४८० ठिपके, भागिले १७८ म्हणजे एककाला सुमारे २.७. अर्धा-पाऊण ठिपका छापता येत नाही, त्यामुळे काही रेघा दोन ठिपक्यांच्या आणि काही तीनच्या झाल्या. मोबाइलचा कॅमेरा असला बारकोडही सावरून घेतो. म्हणून मोबाइलवर वाचला गेला हा पुरावा धरू नये. पार्सल पुढे कुठल्या स्कॅनरखाली जाईल ते आपल्या हातात नाही.

बारकोड पीडीएफमधून काढला आणि प्रिंटरलाच काढायला सांगितला. ‘बारकोड’ आज्ञा, प्रकार "१२८", अरुंद रेघ ३ ठिपके. हा प्रकार अंकांसाठी आपोआप सी संचात (एका खुणेत दोन अंक) जातो, मग एकूण १५६ एकक, म्हणजे ४६८ ठिपके, ५८.५ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना १० एककांची, म्हणजे ३० ठिपक्यांची कोरी जागा हवीच. तिथे चौकटीची रेघ आली की वाचन फसतं. आज्ञांचा क्रम महत्त्वाचा: आधी बिटमॅप, मग बारकोड. उलट केलं तर बिटमॅपचा पांढरा भाग बारकोड पुसून टाकतो.

ज्यांना सगळं चित्रातच हवंय त्यांनी बारकोडची चित्रं बनवणारं झिंट वापरावं. त्यात मोजपट्टी १ म्हणजे एककाला २ ठिपके, तेव्हा तीन ठिपक्यांसाठी ‘--स्केल=१.५’. ते चित्र पुढे कुठेही लहान-मोठं करायचं नाही.

बारकोडची दिशा: कागद सरकतो त्याच दिशेने रेघा असल्या तर कडा स्वच्छ येतात, पण हेडचा एखादा ठिपका मेला तर एक अख्खी रेघ पातळ होते. रेघा कागदाच्या आडव्या असल्या तर मेलेल्या ठिपक्याने फक्त एक बारीक फट पडते, स्कॅनर शेजारून वाचतो, मात्र वेग वाढला की रेघा फाकतात. हेड नवं आहे, पहिली दिशा घेतली. दर नव्या रोलला पूर्ण रुंदीची एक काळी पट्टी छापून पाहायची, मेलेला ठिपका लगेच दिसतो.

४ सप्टेंबर

कुरिअरच्या पीडीएफ. काही ठिकाणी ए४च्या एका कोपऱ्यात लेबल येतं, काही ठिकाणी थेट चार बाय सहा इंच. पहिल्या प्रकाराला ‘पीडीएफटूपीपीएम’चे एक्स, वाय, रुंदी, उंची हे पर्याय देऊन तेवढा तुकडा काढता येतो. कुरिअरने मांडणी बदलली की हे आकडे पुन्हा मोजावे लागतात.

चार बाय सहाची गंमत वेगळी. ती २०३.२ने काढली तर साधारण ८१३ बाय १२२० ठिपके. आपल्याकडे जागा ८०० बाय १२००. मोह होतो तो थोडं लहान करण्याचा. दीड टक्का तर आहे! पण त्यातच बारकोडच्या रेघा बिघडतात, आणि हा बारकोड आपल्याला प्रिंटरकडून काढून घेता येत नाही. लहान न करता कडा कापल्या: डावीकडून ६ ठिपके, वरून १० ठिपके सोडून ८०० बाय १२००. बाहेरच्या चौकटीची रेघ गेली तर जाऊ दे. इथे ‘-आर २०३.२’ चालतो, कारण तुकड्याचं माप आपणच ठरवलेलं असतं.

२१ सप्टेंबर

मधले दिवस गणपतीत गेले.

प्रिंटर पायला जोडला आणि कप्समध्ये कच्ची रांग केली: ‘एलपीअ‍ॅडमिन -पी लेबल -ई -व्ही’, त्यापुढे ‘एलपीइन्फो -व्ही’ने दाखवलेला यूएसबी पत्ता, शेवटी ‘-एम रॉ’. कच्च्या रांगा जुनाट झाल्याची सूचना येते, सध्या ती वाचून सोडून द्यायची. कप्स ३मध्ये त्या नाहीत. त्या वेळी एलप्रिंट हा पर्याय आहे, लेबल प्रिंटरसाठीच लिहिलेला आणि टीएसपीएल जाणणारा.

डेस्कटॉपवरून रांग शेअर करण्याच्या फंदात पडलो नाही. तयार फाइल एसएसएचवरून पायवरच्या ‘एलपी -डी लेबल -ओ रॉ’ला द्यायची. जाळ्यात प्रिंटर शोधणं, परवानग्या, फायरवॉल यातलं काहीच लागत नाही.

कप्स छापत असताना त्याच वेळी /डेव्ह/यूएसबी/एलपी०वर लिहू नये. कप्स यूएसबी उपकरण स्वतःच्या ताब्यात घेतं, तेवढ्यापुरती ती फाइल गायब होते. तुमची स्क्रिप्ट रूटने चालत असेल तर ती त्या नावाची साधी फाइल तयार करून तिच्यात लेबल ओतू शकते आणि ‘झालं’ म्हणते.

रांगेचं त्रुटी-धोरण नीट ठरवावं. ‘रीट्राय-जॉब’ सोयीचं वाटतं, पण कागद संपून काम अडकलं की ते सुरुवातीपासून पुन्हा छापतं. मग एकाच क्रमांकाची दोन लेबलं हातात येतात आणि घाईत ती दोन वेगळ्या पार्सलांवर चिकटतात. म्हणून ‘स्टॉप-प्रिंटर’. रोल बदलायचा, हातातलं शेवटचं लेबल पाहायचं, अर्धवट काम रद्द करून त्याच्यापासून पुढे पाठवायचं आणि ‘कप्सएनेबल लेबल’. एका कामात एकच लेबल ठेवलं की हे सोपं जातं.

पत्ते आणि फोन नंबर /व्हार/स्पूल/कप्समध्ये पडून राहतात. छापून झालेल्या फाइली कप्स मुळात एक दिवस ठेवतं. ‘कप्ससीटीएल प्रिझर्व्हजॉबफाइल्स=नो’ने ते बंद केलं.

५ ऑक्टोबर

यादी कॅल्कमधून सीएसव्ही, यूटीएफ-८. निर्यात करताना पिन आणि फोनचे रकाने ‘मजकूर’ प्रकारचे हवेत, नाहीतर फोन नंबर घातांकाच्या रूपात येतात. पिन सहा अंकी आहे का आणि शून्याने सुरू होत नाही ना, एवढी तपासणी पुरते. मुंबईचे ४००, गोव्याचे ४०३, पुण्याचे ४११, नागपूरचे ४४० असे पहिले तीन अंक पत्त्यातल्या शहराशी ताडून पाहिल्यावर काही जुने पत्ते पकडले गेले: माणूस ठाण्याहून नागपूरला गेलेला, पिन ठाण्याचाच.

छपाई पिनच्या क्रमाने. लेबलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात अनुक्रमांक. तो पोस्टासाठी नाही, पॅकिंग करणाऱ्यासाठी आहे. गठ्ठा हातातून पडला तरी क्रम पुन्हा लावता येतो.

१४ ऑक्टोबर

रवानगी सुरू. ‘डेन्सिटी’ ८ने सुरुवात केली, ‘स्पीड’ ४. शंभरेक लेबलांनंतर हेड तापून रेघा जाड होऊ लागल्या, मधल्या फटी भरल्या. डेन्सिटी ६ आणि वेग ३ केल्यावर शेवटपर्यंत एकसारखं आलं. फिकं वाटलं तर आधी हेड पुसावं, लगेच डेन्सिटी वाढवू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा, प्रिंटर बंद करून आणि गार झाल्यावर. रोल बदलताना एकदा पुसलं की पुरतं.

प्लॅस्टिकच्या पिशवीवर लेबल नीट बसतं. खाकी कागदावर धूळ असेल तर कोपरे उचलतात. ते दाबायला काहींवर पारदर्शक चिकटपट्टी लावली गेली, तीही बारकोडवरून. ती काढून लेबलं नव्याने छापली. पट्टीतला गोंद आणि प्लॅस्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं थर्मल कागदावरची छपाई फिकी करतात, शिवाय पट्टीच्या चकाकीने स्कॅनर बिथरतो. पट्टी लावायचीच असेल तर लेबलाच्या कडेला, छपाईपासून दूर. छापलेले गठ्ठे उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नयेत, कागद करडा पडतो.

परदेशातल्या वर्गणीदारांची पार्सलं या यंत्रणेत घेतलेली नाहीत. त्यांना सीमाशुल्काचा सीएन २२ फॉर्म लागतो, तो अजून ए४वर लेझरनेच छापला जातो. तो १००×१५०मध्ये आणायचा तर फॉर्मवरची बारीक अक्षरं २०३ डीपीआयवर वाचता येतील का ते आधी एका लेबलावर छापून पाहायचं आहे.